तिची पक्कड

सोलापूरच्या मिलमधून सुटला की रामहरीला सुटे भाग जोडून रेडिओ बनवायचा नाद. तारेच्या टोकाला त्यानं पोकळ पितळी पिन सरकवली, की तार निसटू नये म्हणून त्याची बायको विजयमाला ती दातांनीच घट्ट दाबायची.

"अगं, दात दुकतील! पक्कड हाय की!"

"माजीच पक्कड बरी," ती हसायची. तिचा पुढचा दात अर्धा तुटका होता, म्हणून पिनेवर खूणही अर्धवट उमटायची.

ती वारल्यावर अर्धवट राहिलेला रेडिओ त्यानं आज प्रथमच काढला. उरलेल्या पिना तारांवर नुसत्या सरकवल्या आणि पक्कड आणायला तो आत गेला.

परत आला, तर सगळ्या पिना दाबलेल्या. प्रत्येकीवर तीच खूण.

"अगं, दात दुकतील..." सवयीनं तोंडून निघून गेलं.

त्यानं शेवटची पिन उचलली. ती अजून ओली होती.