सातव्या मजल्यावरचा राजा

आई चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा लेक धास्तावून उरलेले मजले मोजू लागली.

खरं तर तिनं खूश व्हायला हवं होतं. सात मजली किल्ल्याचा तो जुना व्हिडिओ गेम नवख्यांसाठी सोपा करायचा, हे तिचं दोन वर्षांचं काम, आणि आज त्याची चाचणी होती. कंपनीला दोन माणसं हवी होती, एक जन्मात खेळ न खेळलेलं आणि एक जुनं मुरलेलं. तिनं दोन्ही घरातूनच उचलून आणली. आईनं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. बटणं तिनं फक्त लावली होती, दाबली नव्हती. बाबा मात्र ऐन तारुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात तासन्‌तास उभे राहून हा खेळ खेळलेले. नुसते खेळलेले नव्हेत, जिंकलेले.

ती हकिगत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. सातव्या मजल्याचं दार उघडतं, राजा सिंहासनावरून उठतो, स्वतःचा मुकुट काढून आपल्या डोक्यावर ठेवतो आणि बाहेर दारूकाम सुरू होतं. लेक तापानं फणफणली की बाबा हे सांगत. ती गणितात नापास झाली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. तिनं हा धंदा धरला तोही त्या राजापायीच.

आणि कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मूळ खेळाचा शेवट उघडून पाहिला. राजा नव्हताच. दारामागं एक म्हातारा पहारेकरी खुर्चीत झोपलेला होता. त्यानं डोळे उघडले, "उशीर केलात," म्हणाला आणि कंदील मालवला. खेळ खलास. घरी तिनं याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवट बदलायची सोयही नव्हती. खेळ हवा तेवढा सोपा करा, पण गोष्टीला हात लावू नका, असं करारातच होतं. आई काही दुसऱ्या मजल्यापुढे जायची नाही, या भरवशावर ती निवांत होती.

"ही पडली तरी मरत कशी नाही?" बाबांनी विचारलं. "आमच्या वेळी पडलं की मेलं. परत पहिल्या पायरीपासून."

"लोक कंटाळतात, बाबा. म्हणून आता पडतील तिथंच परत उभं करतो."

"मग पडायचं तरी कशाला?"

"मी पडलेय कुठं?" आई म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय मशीनवर चालावा तसा चालला होता, आणि पडद्यावरचा माणूस त्याच तालावर उड्या मारत होता.

पाचव्या मजल्यावर बाबा खुर्ची ओढून जवळ आले. "डावीकडे जा."

"डावीकडे खड्डा दिसतोय."

"जिंकलंय कोण, मी की तू?"

आई उजवीकडे गेली. सहाव्या मजल्यावरचा साखळीचा पूल जोरात हेलकावत होता. तिथं लेकीनं पावलापावलाला बाण लावले होते, नवख्यांची अडचण नको म्हणून. आता ती त्या प्रत्येक बाणाला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

"आई, चहा घेऊया का? डोळे दुखतील तुझे."

"शेवटची शिलाई राहिली की मी उठत नाही, माहीत आहे ना तुला?"

पूल पार झाला. बाबांनी रुमाल काढून मान पुसली. खोलीत एसी चालू होता.

सातव्या मजल्याचं दार उघडलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, "उशीर केलात," म्हणाला आणि कंदील मालवला.

आईनं काळ्या पडद्याकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. "राजा कुठाय?"

बाबा रुमालाची घडी घालत राहिले. ती काही केल्या जमेना.

"मी बदलला शेवट," लेक घाईघाईनं म्हणाली. "हल्ली राजे चालत नाहीत."

बाबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. "हेच सांगतोय मी मघापासून. नासवलात खेळ. चांगला राजा होता, त्याला उठवून पहारेकरी बसवलात. आणि दारूकामाला काय धाड भरली होती?" त्यांनी चाचणीचा फॉर्म ओढून घेतला. जुन्या खेळाडूंच्या सूचनांखाली 'शेवट मूळचाच ठेवावा' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लेकीनं फॉर्म ठेवून घेतला. ही सूचना तिला तंतोतंत पाळता येणार होती.

"हात धुऊन येते," म्हणत आई बाहेर गेली.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि रिमोट हातात घेतला. दार उघडलं. "उशीर केलात." त्यांनी परत दार उघडलं. "उशीर केलात." तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा लेकीला त्यांच्याकडं बघवेना.

"त्या पुलावरूनच पडायचो मी," ते हळूच म्हणाले. "दर वेळी. एवढा मोठा किल्ला, वर राजा असणारच, असं धरून चाललो." रिमोट खाली ठेवत त्यांनी विचारलं, "मूळचा हाच ना?"

"हाच."

"वाईट नाही. म्हातारा झकास काढलाय." मग दाराकडं नजर टाकून म्हणाले, "आईला मात्र..."

"नाही सांगत, बाबा."

दारात आई उभी होती. पर्स खांद्याला, हात अजून ओलेच. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"चला, राजेसाहेब," ती म्हणाली. "मुकुट राहू दे इथंच. चष्मा तेवढा घ्या आठवणीनं."