आबांनी ऐकला

"आला का आवाज, आबा?"

संजीवनीने तोंड वळवून विचारलं, म्हणून कुंडलिक आबांना कळलं. गाडी लासुर्ण्याच्या रस्त्याने चालली होती. आबा तिच्या शेजारी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून बसले होते आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"तिसऱ्यात घे जरा," ते म्हणाले.

तिने तिसरा गिअर टाकला. समोरून उसाची ट्रॉली धडधडत गेली, ती आबांना अंगाला कळली. बाकी सगळं कानात कापूस कोंबल्यासारखं.

पंचक्रोशीत आबांचा कान म्हणजे शेवटचा निकाल. ते इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग ज्यावर बोट ठेवतील तेच खोलायचं. 'आबांनी ऐकलं' म्हटलं की पुढं कुणी तोंड उघडायचं नाही. चाळीस वर्षं हाच रिवाज, आणि तो कान दोन वर्षांपासून गेलेला. माणसांचं बोलणं ओठांवरून उरकता यायचं, पण गाडीला मेलीला ओठ कुठले?

हे ठाऊक होतं फक्त मुलाला, अविराजला. तो बारामतीत एका शोरूमला मेकॅनिक होता. गेल्या महिन्यात आबांनी 'ठीक हाय' म्हणून सोडलेल्या पिकअपचं चाक इंदापूरच्या रस्त्यावर जाम झालं. नशीब, कुणाला लागलं नाही. पण अविराज समोर उभा राहून एकेक शब्द सावकाश बोलला होता, "आबा, आता एक जरी चूक झाली, तर मी शटर ओढणार. मग घरी बसायचं."

घरी बसायचं! बायको, छबूबाई, गेल्यापासून त्या घरात होतं काय? चार भिंती आणि तुळस. आबांचा जीव होता तो या ऑइलने काळ्या झालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

शेडपाशी गाडी थांबली. संजीवनी उतरली, दाराला धरून क्षणभर उभी राहिली, मग बाकावर येऊन बसली. चाळिशीची बाई, शेळगावला भाजीच्या रोपांची नर्सरी एकटीच्या हिमतीवर उभी केलेली. आबांनी मागच्या सीटवरचं मोठं पाकीट बाजूला सारून जॅक काढला.

"कसला आवाज म्हणालीस?"

"घर्र घर्र, घासल्यावानी. उजव्या अंगाला. दिवाळीपासनं हाय. आता तर गाडी बंद केली तरी थोडा वेळ ऱ्हातो."

"पंखा फिरत असंल."

"असंल. पण आबा, निकाल आजच पायजे. उद्या मला पुण्याला जायचंय."

रोपांच्या कामासाठी असेल, आबांनी मनाशी धरलं आणि ते गाडीखाली सरकले.

त्यांनी उजवं चाक हाताने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. ऍक्सल हलवून बघितला, घट्ट. त्यावरचं रबर कुठं फाटलेलं नव्हतं. ब्रेकच्या डिस्कमागचा पत्रा कधी कधी घासतो, तोही बोटभर लांब. गिअरबॉक्सवर तळहात ठेवून तिला इंजिन चालू करायला लावलं. साधी कुरकुरसुद्धा हाताला लागेना. परमेश्वरा, एवढी एक खूण दे! आबांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

दुसऱ्यांदा चाक काढलं, पुन्हा बसवलं. तेच.

ते बाहेर आले तेव्हा संजीवनी उजव्या कानामागे बोटं दाबत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"ऱ्हाऊ द्या आबा," ती म्हणाली. "तुमालाबी न्हाय कळत, तर जाताना बारामतीत अविराजला दाखवते."

ही पोरगी तिथं जाणार, आबांना कळलं नाही म्हणणार, आणि संध्याकाळी अविराज कुलूप घेऊन दारात.

"थांब," ते म्हणाले. "चालू कर पुन्यांदा."

त्यांनी बोनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. आत नुसता अंधार. मनातल्या मनात दहापर्यंत मोजून त्यांनी डोळे उघडले आणि मान डोलावली.

"ऐकला."

संजीवनी जागच्या जागी थिजली. "खरंच, आबा? घर्र घर्र?"

"घर्र घर्र. उजव्या अंगालाच. आतलं बेअरिंग घासतंय."

"नक्की ना? माझ्या गळ्याची आण?"

"अगं, चाळीस वर्षं काय मी हितं गवत उपटलं?" आबांनी आवाज चढवला. "सामान मागवावं लागंल. सोमवारी ये, बदलून देतो."

बाईने तोंडाला पदर लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. मग वाकून पाया पडली. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका आवाजासाठी एवढं रडू? त्यांनी स्वतःची समजूत घातली. नवं बेअरिंग आपल्या पदरचं टाकू. त्यानं कुणाचं काय वाईट होणार हाय? आणि सोमवारपर्यंत तरी शटर वर राहील.

ते हात धुवायला नळावर गेले. संजीवनी त्यांच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती. हात हलवून, ठासून बोलत होती. फोन ठेवून ती वळली तेव्हा तिचा चेहरा पार उजळला होता. ती जवळ आली.

"आबा, तुमचं उपकार जन्मात फिटायचं न्हाईत. तीन गॅरेज झाली, घरचीबी समदी झाली, कुणाला म्हणून हा आवाज येत न्हाय. डॉक्टर म्हणत होतं, आवाज गाडीत न्हाय बाई, तुझ्या कानामागं गाठ हाय, तिचा हाय. उद्या पुण्यात ऑपरेशन होतं. आबांनी ऐकला म्हणून सांगितलं आणि आत्ताच फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवलं."