डाव्या हातातल्या बांगड्या

या, असे पुढे सरकून बसा. बुवा यायला अजून वेळ आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते, कीर्तनाच्या आधी ऐकावी अशीच आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, यंदाच्या शिमग्यानंतरची.

दीप्तीने माळ्यावरचं जुनं जाळं खाली ओढलं आणि किंचाळून हात झटकला. जाळ्याच्या घडीतून एक तपकिरी कोळी टपकन जमिनीवर पडला. तिच्या नणदेने, तेजलने, त्याच्यावर स्टीलचा पेला उपडा घातला.

"कोळणीला कोळी चावला गो!" म्हणत शेजारच्या मीराबाई हसत आत आल्या. दीप्तीचा चेहरा बघितला आणि हसू तिथंच थांबलं.

डाव्या हाताच्या पाठीवर लाल चट्टा उठला होता, मधोमध पांढुरका. बघता बघता सूज मनगटापर्यंत आली. दीप्तीला दरदरून घाम सुटला, पोटात पेटके यायला लागले. मीराबाईंनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन तिच्या दंडाला करकचून बांधला आणि चुना मागितला. तोवर तेजलने डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"दोरा? आधी सोडा तो!" फोनमधून आवाज आला. "चुना नको, ब्लेड नको, तोंडाने ओढायचं तर मुळीच नाही. साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. आणि हातात काही असेल तर काढा. पोटात पेटके येतायत म्हणजे घरी थांबायचं नाही, लगेच घेऊन या."

सासू रुक्मिणी बोंबील वाळत घालायचे टाकून धावत आली होती. तिने कोयत्याच्या टोकाने दोरा तोडला. हात धुतला, बर्फ लावला. कोळ्याच्या घरात बर्फाला काय तोटा! मग साबणाचा फेस करून बांगड्या ओढून बघितल्या. गोडं तेल लावून बघितलं. हिरवी काच मांसात रुतली होती. एकही बांगडी हलेना. बोटं जांभळी पडायला लागली.

"निघत नाहीत, डॉक्टर," तेजल म्हणाली.

"मग तोडा. रक्त अडलं तर बोटं वाचायची नाहीत."

तेजलने आईकडे बघितलं.

जयवंत आणि देवेश, सासरा आणि नवरा, दोघं एकाच होडीवर दर्यात होते. कालपासून होडीचा फोन लागत नव्हता.

दीप्तीने हात छातीशी ओढून धरला. "नाय आई. ते दर्यात असताना नाय. बोटं गेली तरी चालतील मला."

"बरोबर बोलते पोरगी," मीराबाई म्हणाल्या. "उजव्या हातातल्या लग्नातच दर्याला दिल्या, माझ्या माणसाला सांभाळ म्हणून. या डाव्याच काय त्या उरल्या. आणि नेमक्या आज फोडायच्या? होडी येऊ दे आधी."

पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन रुक्मिणी सुनेसमोर मांडी घालून बसली. आता ही जबरदस्तीने हात ओढणार, असं सगळ्यांना वाटलं. दीप्तीने डोळे मिटले.

कट्.

डोळे उघडले तर रुक्मिणीच्या स्वतःच्या हातातली बांगडी तुटून जमिनीवर पडली होती.

"येडी झालीस काय गो?" मीराबाई ओरडल्या. "जयवंत पण त्याच होडीवर हाय!"

"मला नाय माहीत?" रुक्मिणीने मान वर केली नाही. "नवरा माझा हाय, पोर पण माझाच हाय." कट्. एक तुकडा मनगटात घुसला, रक्ताचा थेंब आला. तिने तो पदराला पुसला आणि शेवटची बांगडी तोडली. मग उघडा हात दीप्तीसमोर धरला.

"एकवीरा आई काय काचा मोजत बसते? एवढी वर्षं माझ्या आईला मी वळखते. जे काय व्हायचं ते आता आधी माझ्यावर येईल. आण तो हात."

दीप्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने सुजलेला हात हळूच सासूच्या मांडीवर ठेवला. तेजलने तिच्या तोंडावर ओला टॉवेल धरला, काच उडू नये म्हणून. अडकित्ता चालत राहिला. शेवटची बांगडी तुटल्यावर रुक्मिणीने सुनेचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख क्षणभर तसंच राहिलं. मग सावकाश गुलाबी झालं.

"निघालो आम्ही," ती फोनला म्हणाली.

मीराबाई अनवाणी धावत गेल्या आणि नाक्यावरून रिक्षा घेऊन आल्या. दीप्तीचा हात आपल्या खांद्यावर उंच धरून रुक्मिणी तिला बाहेर घेऊन आली. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. दोघींची मोकळी मनगटं बघून एकीने पदर तोंडाला लावला.

रुक्मिणीने सुनेला आत बसवलं, स्वतः चढली आणि रिक्षातून डोकं बाहेर काढलं.

"बघत काय उभ्या राहिलात गो? बांगडीवाल्याला निरोप धाडा. म्हणावं, होडी लागेल त्या दिवशी ये. दोन हात भरायचेत."

गोष्ट इतकीच. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा दर्यात गेलेल्या माणसांसाठी मागणं मागालच. त्यांच्याबरोबर रुक्मिणीचीही आठवण ठेवा.