नियम आठवा

अल्पेशचं भरती-ओहोटीचं ॲप अर्नाळ्याचे होडीवाले रोज बघायचे. कोड त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही सुधारणा पाठवा, फक्त आधी नियम वाचा, एवढंच त्याचं म्हणणं. पण वाचतो कोण! एका शहाण्याने तर भरतीची वेळ सरळ सहा तास पुढे ढकलून पाठवली. त्या दिवशी अल्पेशचं डोकं फिरलं आणि त्याने आठवा नियम टाकला : 'हे वाचलं असेल, तर निरोपाच्या सुरुवातीला "सुकट" असं लिहा.'

दोन महिन्यांत एकतीस जणांनी कोड पाठवला. सुकट एकाच्याही निरोपात नव्हती.

"या रविवारपर्यंत बघतो," तो बायकोला, ऋतिकाला म्हणाला, "नाहीतर हे सगळं बंद. मी काय येड्यासारखं लिहीत बसलोय?"

रविवारी लॅपटॉपसमोरून ऋतिका ओरडली, "अरे, आली! सुकट आली!"

अल्पेश कणकेच्या हातांनीच धावत आला. निरोप असा होता :

'सुकट हा शब्द आठव्या नियमात चुकून पडला होता, तो काढून टाकला आहे. बाकीचे नियम सवडीने वाचतो.'