रीतसर खंडेनवमी

"कोलकात्यात राहतो म्हणून काय झालं? खंडेनवमी आई करायची तशी रीतसर झाली पाहिजे," असं मला बजावून शंतनु आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. खाली दुर्गापूजेच्या मंडपात ढाक वाजत होते, पण त्याच्या पुण्याच्या ऑफिसला सुट्टी नव्हती.

दुपारी मीटिंग चालू असतानाच नेट गेलं. त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, केबल हलवून पाहिली, नेटवाल्याला फोन केला. "लाइन ठीक आहे, दादा," एवढंच उत्तर आलं. शेवटी तो हॉलमध्ये आला. ज्या जुन्या कॉम्प्युटरमधून आमच्या घरभर नेट जातं, तोच बंद होता. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"हा कुणी बंद केला?"

"मी. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना आज सुट्टी. एकदा पूजलं की उद्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. खोटं वाटत असेल तर आईंना फोन करून विचार."

त्याने विचारलं नाही. "बरं बाई, निदान जेवायला तरी वाढ," तो वैतागून म्हणाला.

मी स्वयंपाकघराचं दार उघडलं.



गॅसवर, कुकरवर, पोळपाट-लाटण्यावर तसंच एकेक फूल होतं, आणि एक मी माझ्या केसांत खोवलं होतं.