पूर्ण मार्क

सतरंजीच्या कडेत पाय अडकला आणि फणसळकर सर वॉकरसकट हेलपाटले. फिजिओथेरपिस्ट तबस्सुमनं त्यांचा कमरेचा पट्टा घट्ट धरला.

“हे स्टंबल,” सर सावरत म्हणाले. “पायात काहीतरी आलं म्हणून.” पुढच्या चार पावलांत ते उजवीकडे झुकले, मग डावीकडे. “आणि हे स्टॅगर. दारुड्याचं.”

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर दीड महिना ती रोज त्यांना चालवायला येत होती आणि सर रोज तिला इंग्रजी शिकवत होते. ती आठवीत त्यांच्या वर्गात होती, तेव्हाही त्यांची हीच रीत. शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, सगळ्यांसमोर करून दाखवायचा. ‘फॉल्टर’ तिच्या वाट्याला आला, तेव्हा पोरं हसतील म्हणून ती नुसतीच उभी राहिली होती. सर ओरडले होते, “बघा रे! पाऊल टाकायचंय, पण मन कचरतंय. पूर्ण मार्क!”

आज वॉकर सोडायचा होता. सरांनी हात सैल केले आणि लगेच दांडी पुन्हा आवळली.

“नको गं. उद्या बघू.”

“हे फॉल्टर, सर,” तबस्सुम म्हणाली. “पूर्ण मार्क!”

सर खो खो हसत सुटले. हसता हसता दांडी सुटली. एक पाऊल पडलं. मग दुसरं. मग तिसरं.

“आणि हे काय, सर?”

“वॉक,” सर धापा टाकत म्हणाले. “हा तर पाचवीतला शब्द. जरा अवघड विचारा की, बाई!”