नववी ‘ब’चा वीज कायदा

“तीस वर्षांहून जुनं एकही कोळशाचं वीजकेंद्र या राज्यात चालू राहणार नाही!”

मंजुळाने बाकावर हात आपटला. कंपासपेटी खाली पडली, पण तिने पाहिलंसुद्धा नाही. तीन महिन्यांपूर्वी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, ती हीच मुलगी, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

डोंबिवलीच्या त्या शाळेत १९८६ साली पहिल्यांदाच खोटी विधानसभा भरली होती. खिडकीकडची एकवीस मुलं सरकार, भिंतीकडची वीस विरोधी पक्ष, आणि प्रमोदिनीबाई सभापती. कायदा मांडायचा होता मंजुळाला. गंमत एवढीच नव्हती. मंजूर झालेला कायदा मुख्याध्यापक खरोखरच्या आमदारांना पाठवणार होते, खाली मांडणाऱ्याचं नाव घालून.

“मग दिवे कशावर लावायचे? उदबत्तीवर?” विरोधी पक्षनेता प्रभाकर म्हणाला.

“वाऱ्यावर आणि उन्हावर,” मंजुळा म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे गेलेली असताना वाऱ्याने तिची वही तीनदा उडवून नेली होती. तेव्हाच तिला हे सुचलेलं. “आणि कलम चार वाच. बंद केंद्रातल्या प्रत्येक कामगाराला नवीन केंद्रात आधी घ्यायचं.”

कलम चार तिने नंदासाठी घातलं होतं. नंदा तिच्या शेजारीच बसायची. तिचे बाबा, उत्तमकाका, कोळशावर चालणाऱ्या जुन्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. कायद्याचा विषय निघाल्यापासून पोरं नंदाला चिडवत होती, “तुझ्या बाबांना आता पंखा हलवायला ठेवणार!” नंदा हसून सोडून द्यायची, पण तिचे कान लाल व्हायचे.

“ठीक आहे,” प्रभाकर म्हणाला. “पण हे सगळं बांधायचं कुठे? तुमच्या गच्चीवर? कायद्यात जागाच नाही, बाई!”

खरंच नव्हती. मंजुळाने वहीची पानं भराभर उलटली. सरकारी बाकांवर कुजबुज सुरू झाली.

“मीच मदत करतो सरकारला,” प्रभाकर ऐटीत म्हणाला. “कलम पाच. बाळकुमपासून कोलशेतपर्यंत खाडीकाठची पडीक जागा सरकारने ताब्यात घ्यावी.”

“पडीक आहे का रे नक्की?” बाईंनी विचारलं.

“हो बाई! मी गेलेलो मामाबरोबर. नुसती सुकट वाळत घालतात. नाकाला रुमाल लावून जावं लागतं. शी!” त्याने नाक धरून तोंड असं काही केलं की अख्खा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. मंजुळाही हसली.

“काय मंजुळा, कलम पाच मान्य?”

मंजुळाने वहीकडे पाहिलं. सगळं सरकार तिच्याकडे बघत होतं.

“मान्य,” ती म्हणाली.

“मग हात वर करून मतदान घेऊ या.”

“बाई, हात नको!” मंजुळा पटकन म्हणाली. “चिठ्ठ्या टाकू या ना. म्हणजे कुणाला अवघड जाणार नाही.”

सगळ्यांना कळलं ती कुणाबद्दल बोलते आहे ते. नंदाने तिचा हात दाबला. प्रमोदिनीबाई कौतुकाने म्हणाल्या, “मनाने मोठी आहेस हो.”

बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरला. बाईंनी फळ्यावर रेघा मारत चिठ्ठ्या मोजल्या. विरोधकांची वीस ‘नाही’ येणार हे ठरलेलंच होतं. सरकारची एकवीस ‘होय’ आली की काम फत्ते.

‘होय’ आले वीस. ‘नाही’ एकवीस.

भिंतीकडून आरोळी उठली. खिडकीकडे मात्र सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

“वाचवलीस ना बाबांची नोकरी?” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी ‘होय’ लिहिलंय,” नंदा म्हणाली.

“हो तर! आमच्याच आजोबांनी लिहिलं ‘नाही’, वरून येऊन!”

“आईशप्पथ, मी ‘होय’च लिहिलंय!”

“मतदान गुप्त आहे. कुणीही कुणाला विचारायचं नाही,” बाई म्हणाल्या, पण त्यांचीही नजर नंदावरच होती. मंजुळा खाली वाकून कंपासपेटीतले सांडलेले खडू-पेन्सिली गोळा करत राहिली. बराच वेळ.

मधल्या सुट्टीत नंदाच्या डब्याशी कुणी बसलं नाही. शाळा सुटल्यावर ती नळापाशी एकटी उभी होती. मंजुळा तिच्याजवळ गेली.

“मी काल बाबांना विचारलेलं गं,” नंदा म्हणाली. डोळे सुजले होते. “म्हणाले, माझी नोकरीची राहिली सहा वर्षं. तुझ्या मैत्रिणीने कामगारांचा विचार केलाय, एवढा आमचा कुणी करत नाही. लिही ‘होय’. आणि आता घरी जाऊन काय सांगू? तुझा कायदा मी पाडला म्हणून?”

“तू नाही पाडलास.”

“तुला तरी पटतंय ना?”

“पटतंय.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.”

“नाही. शंभर टक्के पटतंय.”

नंदाने तिच्या गळ्यात हात टाकले. “उद्या वर्गात सांगशील सगळ्यांना? तुझं ऐकतील ते.”

मंजुळाने हळूच तिचे हात गळ्यातून सोडवले. आज सबंध वर्ग गाजवणारी ती पोर नुसती पायांकडे बघत उभी राहिली.

कारण एकविसावं ‘नाही’ तिनेच लिहिलं होतं, आणि कोलशेतच्या त्या काठावर सुकट वाळत घालणारी मनुबाई तिची सख्खी आजी होती.